सोशल मीडियाचा थकवा आणि स्वभाव: सर्व्हेत नेमकं काय मोजायचं?

निपाणी_एमए
मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांतल्या मुलामुलींचा सर्व्हे करायचाय. कुठल्या स्वभावाची मुलं व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाला लवकर वैतागतात, एवढंच बघायचंय. बिग फाइव्हची (स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणारी) ४४ प्रश्नांची चाचणी घेऊ की १० ची? ६० जण मिळतील. रोज किती तास बघता, असं विचारलं तर चालेल ना?

टिळकवाडी_सर
तास विचारू नका, अंदाजे सांगितलेले तास भरवशाचे नसतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडायला लावा आणि तिथला आकडा लिहून घ्या. नोटिफिकेशन किती आली तेही तिथंच दिसतं, आणि थकव्यासाठी मला तेच जास्त कामाचं वाटतं.

४४ चीच घ्या. १० च्या चाचणीत एका गुणाला दोनच प्रश्न, त्यातला एक उलटा, म्हणजे 'हो' म्हटलं की तो गुण कमी आहे असं दाखवणारा. वर्गात घाईघाईत सगळीकडे ४ वर टिक मारणारे असतातच, मग दोन प्रश्नांवर काय कळणार? उत्तरं १ ते ५ मध्ये असतात, म्हणून उलट्या प्रश्नाचा आकडा ६ मधून वजा करायचा. हे राहून गेलं की सगळा निकाल पालथा.

६० कमी पडतील. स्वभाव आणि थकव्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३ च्या आसपास असेल तर तो पकडायला साधारण ८५ जण हवेत, ०.२ असेल तर १९० च्या वर. स्वभावाचे सहसंबंध बहुधा असे लहानच निघतात.

खानापूर_ताई
सरांचं बरोबर, पण खरी गोम पुढं आहे. थकव्याच्या प्रश्नावलीत 'फोन बघून मन बेचैन होतं' असं वाक्य घातलंत तर ते न्यूरॉटिसिझमच (काळजीखोर, पटकन बेचैन होणारा स्वभाव, बिग फाइव्हमधलाच एक गुण) मोजतंय. एकच गोष्ट दोनदा मोजायची आणि मग संबंध सापडला म्हणून खूश व्हायचं! त्यापेक्षा वागणं विचारा: गेल्या ७ दिवसांत किती ग्रुप म्यूट केले, किती मेसेज न वाचता सोडले, एखादं अ‍ॅप काढून टाकलं का.

आणि १ नोव्हेंबरच्या आठवड्यात फॉर्म वाटू नका. मराठी भाषकांचा काळा दिवस नि कन्नड राज्योत्सव, दोन्हीकडचे स्टेटस धो धो येतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं तर तेव्हाही तेच. त्या दिवसांत शांत स्वभावाचा माणूसही वैतागतो. फॉर्म मराठी आणि कन्नड, दोन्हीत ठेवा. कुणी कुठल्या भाषेत भरला त्याची नोंद हवी, गुण आधी वेगवेगळे तपासा.

निपाणी_एमए
धन्यवाद ताई. शेवटी मुलांना सल्ला काय द्यायचा? सरसकट 'म्यूट करा'?

खानापूर_ताई
सरसकट नको. भिडस्त मुलाचं दुखणं ग्रुप सोडता न येणं, त्याला म्यूट 'कायमचं' आणि आर्काइव्ह पुरतं. काळजीखोर मूल आवाज बंद असला तरी उघडून बघतंच, त्याला बघण्याच्या दोन वेळा ठरवून द्या. ब्लू टिक बंद करा हा सल्ला मात्र ग्रुपपुरता फोल, तिथं ती बंदच होत नाही.