दोन दिवस, एक शहर आणि आपले पाय – तुमचे अनुभव लिहा

प्राजक्ता_
लेक पुढच्या शनिवारी मैत्रिणींबरोबर बडोद्याला चाललीय. सकाळी मी डब्याची भाजी चिरत होते तर विचारलं, "आई, दोन दिवसांत काय काय बघून होईल?" माझा हात विळीवरच थांबला. २००९ च्या डिसेंबरात मी सासूबाईंबरोबर गेले होते. त्यांचं माहेर दांडिया बाजारातलं. वय अडुसष्ट, गुडघ्याला पट्टा, आणि रिक्षा नको म्हणजे नको.

सूरसागरच्या काठाने निघालो, न्यायमंदिरावरून लहेरीपुरा दरवाजा, तिथून सरळ मांडवी. जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची वाट, आम्हाला दोन तास लागले. दर ओट्यापाशी त्या थांबायच्या. एका भांड्यांच्या दुकानात त्यांनी गुजरातीत पितळी तांब्याचा भाव विचारला, तर गल्ल्यावरचे आजोबा मराठीत म्हणाले, "माहेरवाशीण दिसताय." मग चहा आला, स्टूल आलं, तांब्या राहिलाच.

तांबेकर वाड्यात वरच्या मजल्यावर भिंत भरून चित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकातली. बडोद्याच्या दिवाणांचा वाडा तो. आई (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) लहानपणी रोज त्यावरून शाळेत जायच्या, पण आत कधी गेल्या नव्हत्या. एका चित्रातल्या बाईच्या लुगड्याच्या काठाजवळ बोट नेलं, टेकवलं नाही, आणि म्हणाल्या, "आजीचा काठ असाच होता गं." पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

लक्ष्मीविलास राजवाडा राहिला. मुद्दामच राहू दिला. दोन दिवसांत एकच भाग धरावा आणि तो चालून पुरा करावा, असं माझं ठाम मत तेव्हापासून झालंय. आई जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही कुठे असं चाललात?

रावपुरेकर
ताई, डोळे भरून आले. दांडिया बाजारात आमची आत्या राहायची. लेकीला सांगा राजवाडा सोमवारी बंद असतो, तेव्हा शनिवार-रविवारच बरा. सकाळी लवकर कमाटी बाग. तिथल्या म्युझियमची इमारत १८९४ ची, आत देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. मी पाचवीत होतो तेव्हा त्याच्या बरगड्या मोजायचा प्रयत्न करायचो, दर वेळी आकडा वेगळा यायचा. आणि नाश्त्याला शेव-उसळ. आपल्या मिसळीशी तुलना करायची नाही, तिची चव वेगळीच.

सुमेधा७४
कीर्तिमंदिर (गायकवाडांचं स्मारक) विसरू नका!! नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत तिथे. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

निळा_डबा
आम्ही अहमदाबाद. ऑफिसमधले चौघं, शुक्रवारी रात्रीची गाडी. महापालिकेचा हेरिटेज वॉक कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. १९९७ पासून चालू आहे. पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून नेतात. एका पोळातून दुसऱ्या पोळात जायच्या चोरवाटा आहेत. बाहेरून साधं घराचं दार वाटतं, वाकून आत शिरलो तर पलीकडे दुसरी गल्ली. प्रत्येक चौकात पाखरांसाठी चबुतरा, उंच खांबावर लाकडी घरकुल. एक आजी दाणे टाकायला आल्या, आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो तर "बसो बसो" करत आमच्याही हातावर मूठभर दाणे ठेवले. अकराच्या आत आटपलं, ते बरं. पुढे ऊन सहन होत नाही. रात्री माणेकचौक. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री तिथेच खाण्याच्या गाड्या.

मृण्मयी_क
हॉटेल कुठे घेतलंत @निळा_डबा? आम्ही एकदा (दुसऱ्या शहरात) स्टेशनजवळचं घेतलं. फोटोत खिडकी होती, खोलीत भिंत. शिवाय जुन्या गावात जायला रोज तासभर रिक्षा. तेव्हापासून जुन्या गावाच्या पोटातच उतरते. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी दुपारी येऊन पाठ टेकता येते, ते महत्त्वाचं. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह! या विषयावर कुणी बोलत नाही. मी म्युझियम, मोठं दुकान, रेल्वे स्टेशन असं आधी मनात मांडून मगच पाणी पिते. हे असं असू नये.

सुमेधा७४
मृण्मयी, अगदी खरं. माझ्या बहिणीला याच पायी युरिन इन्फेक्शन झालं होतं. पाणी प्यायचं सोडू नका गं, प्लीज.

माड_आणि_मी
पणजी. जुलैतला पाऊस. सगळे किनाऱ्यावर जातात, आम्ही फोंतेन्हास, तिथली जुनी पोर्तुगीज वस्ती. जुने लोक त्या बाजूला मळाच म्हणतात. लाल, निळ्या, पिवळ्या भिंती पावसाने गडद झालेल्या, शिंपल्यांच्या खिडक्या. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, एरवी मिटलेले असतात. मिस्टर छत्री धरून बाहेर उभे, मी आत दहा मिनिटं नुसती बघत. त्याच गल्लीत एका बेकरीतून गरम पोई (गोव्याचे पाव) घेतले, कागदाची पुडी भिजून हातात फक्त पाव उरले. तसेच खाल्ले, चालता चालता.

बर्फाळ_नाशिककर
आम्ही स्टुटगार्टहून हायडेलबर्ग. जर्मनीचं महिन्याचं तिकीट असतं, लोकल गाड्यांना चालतं, त्यावर गेलो. मुलगा दीड वर्षाचा, बाबागाडीत. जुन्या पुलावरून पलीकडे गेलं की टेकडीवर फिलॉसॉफर्सची वाट लागते, तिथून किल्ला, नदी, लाल कौलं सगळं एका नजरेत. पण पुलाकडून वर जायची वाट म्हणजे अरुंद, दगडी, मध्ये पायऱ्या. बाबागाडी दोघांनी पालखीसारखी उचलली. एक अनोळखी जर्मन आजोबा न विचारता पुढचं चाक धरून शेवटपर्यंत आले, वर पोचल्यावर "त्श्युस" म्हणून परत खाली गेले. बाबागाडी असेल तर दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने चढा.

प्राजक्ता_
@बर्फाळ_नाशिककर पालखी 🙏 आजोबा किती गोड. @रावपुरेकर आत्या कुठल्या गल्लीत? आईंना विचारता आलं असतं तर...

रावपुरेकर
नाव इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवतो. तुमच्या सासूबाई आणि आत्या एकाच शाळेत असतील कदाचित. आणखी एक सांगायचं राहिलं, कमाटी बागेच्या तोंडाशी सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. रिक्षावाल्याला "काळा घोडा" सांगायचं.

फोर्टमधली_नोकरी
अरे, काळा घोडा तर आमचा! मुंबईत घोड्यावर एडवर्ड राजा होता, तो १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. २०१७ मध्ये स्वाराशिवायचा नवा घोडा बसवला. वीस वर्षं त्या भागात नोकरी केली आणि एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा बसले ती निवृत्तीनंतर. एका रविवारी नवऱ्याला घेऊन चर्चगेटहून निघाले, राजाबाई टॉवर, फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कल. रविवारी फोर्ट इतकं शांत असतं की कबुतरांचे पंख ऐकू येतात. तेच रस्ते, पण तेव्हा ८:४२ च्या घाईत मान वर केलीच नव्हती.

तांबडा_पांढरा
कोल्हापूर कुणीच कसं लिहीना? रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, ग्लासाला फेस. मग भवानी मंडपापर्यंत चालत.

मृण्मयी_क
आमच्या ह्यांना दूध चालत नाही 😄 पण येतो नक्की. पार्किंगचं काय?

तांबडा_पांढरा
वैनी, गाडी हॉटेलवरच ठेवा. चालायचंच की.

प्राजक्ता_
लेकीला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, तांबेकर वाडा आधी. आईंचा दोरीचा चष्मा बरोबर नेते म्हणते.