मदत हवी आहे : एक आग, दोन आठवणी
नमस्कार. इंदूरच्या राजवाड्याला १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीवर मी समोरासमोरच्या दोन पडद्यांचे व्हिडिओ इन्स्टॉलेशन करीत आहे. एका पडद्यावर माझी आजी सांगते, की वरचे लाकडी मजले जळताना तिने गच्चीवरून पाहिले. दुसऱ्यावर तिची धाकटी बहीण, हातातला अडकित्ता न थांबवता, ‘ताई, आपण तेव्हा देवासला होतो’ असे म्हणते. खरे कोणाचे, हे मला ठरवायचे नाही. मात्र आग लागली होती, याविषयीच प्रेक्षकाला शंका यावी असेही नको. मध्ये वर्तमानपत्रांची कात्रणे दाखवावीत, की त्याने आठवणींवर निकाल दिल्यासारखे होईल? शिवाय दोन प्रोजेक्टर वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर चालवल्यास थोड्याच वेळात आवाज मागेपुढे होतात. यावर स्वस्तातला उपाय कोणी केला असल्यास कृपया सांगावा.