घरच्या घरी वजनांचा व्यायाम: व्हिडिओ कसा निवडावा?

अबोली५४
नमस्कार. वय ५४, राहायला डोंबिवलीत, तिसरा मजला. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात हाडांची डेक्सा तपासणी केली, मणक्याचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे १.८ आला, म्हणजे हाडं थोडी विरळ झालीत. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या आत्ताच नकोत, पण नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. सकाळी ७.१२ची लोकल पकडायची असते, त्यामुळे जिम जमणार नाही.

पंधरा दिवसांत तीन व्हिडिओ करून पाहिले. पहिल्यात ४० सेकंद व्यायाम, २० सेकंद थांबा आणि मधेमधे उड्या. खालच्या घरात तान्हं बाळ आहे, उड्या मी मारणार नाही. दुसऱ्यात शिकवणारी बोलतच नाही, नुसतं संगीत. ओणवं असताना मोबाइल बघायला मान वर करावी लागायची, दोन दिवस मान धरली. तिसऱ्यात अर्ध्या तासात बावीस प्रकार, एकही अंगवळणी पडेना. लेकाने २ किलोच्या डंबेल्सची जोडी आणलीय.

नेमका व्हिडिओ नको, त्यात काय बघून निवडायचा ते सांगा. मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते, ते यात धरता येतील का?

डोंगरवाट
ताई, मीही सहा महिने रोज नवा व्हिडिओ लावायचे. घाम यायचा, ताकद तिथेच. शेवटी एकच धरला, दर सोमवारी आणि गुरुवारी तोच, दोन महिने. त्यात पाच-सहाच हालचाली आहेत: बैठक, कंबरेतून वाकून वजन उचलणं, ढकलणं, ओढणं, डोक्यावर नेणं. दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण मिनिटभर विश्रांती. असा शोधा.

एक करा, आधी चहा घेत बसून पूर्ण बघा. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी पुढे काय करायचं ते कळतंय का? कळत असेल तर मान वळवावी लागणार नाही. वहीत तारीख, वजन, किती वेळा ते लिहा. बाराव्यांदा उचलतानाही सहज वाटलं, तर पुढच्या आठवड्यात वजन वाढवा.

फिजिओ_सांगली
मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोंगरवाट यांचं म्हणणं पटतं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, तरच हाडांपर्यंत ताण पोचतो. २ किलो तुम्हाला बैठकांना लवकरच कमी पडतील. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली आणि कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. पण तिथे शेजारी प्रशिक्षक उभे असायचे. म्हणून निदान दोनदा जवळच्या फिजिओला तुमची वाकून उचलण्याची पद्धत दाखवून या. हे सगळ्यात महत्त्वाचं.

पोटासाठी उताणं झोपून धड वर उचलायला लावणारा व्हिडिओ घेऊ नका. पाठ गोल करून जोर लावणं विरळ मणक्यांना चांगलं नाही.

सूर्यनमस्कार सोडू नका. दंडांना, खांद्यांना काम मिळतं. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन तुमच्या शरीराचंच, ते वाढवता येत नाही. पुढे वाकताना गुडघे किंचित वाकवा, पाठ सरळ ठेवा.

अबोली५४
दोघांचे मनापासून आभार. रविवारी बसून चार व्हिडिओ नुसते ऐकले, एक ठरवला. सहा प्रकार, बाई आधी सांगते मग करते. लेकाच्या जुन्या सॅकमध्ये ५ किलो तांदळाची पिशवी भरून ती छातीशी धरून बैठका काढल्या. दहाव्या बैठकेला मांड्या थरथरल्या. शनिवारी फिजिओकडे वेळ घेतलीय.

एकच शंका. ओढण्यासाठी रबरी पट्टा बेडरूमच्या दारात अडकवणार आहे. दार माझ्या बाजूला उघडतं. चालेल?

फिजिओ_सांगली
नको! ओढलंत की दार उघडेल आणि पट्टा सुटून तोंडावर येईल. दाराच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहा, म्हणजे ओढताना दार चौकटीत घट्ट बसेल. कडीही लावा. पट्ट्याला चीर गेली नाही ना, ते दर वेळी बघा.