पावसाळ्यात कामाच्या चाकूला म्यान कशाचं: चामड्याचं की कायडेक्सचं?

त्र्यंबकवाट
फिक्स्ड ब्लेडचा, म्हणजे न मिटणारा चाकू घेताना पोलादावर तासभर वाद होतो आणि म्यान मात्र सोबत येईल ते गळ्यात पडतं. पातं बिघडतं ते बहुतेक म्यानातच, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. नाशिकजवळच्या अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, इगतपुरी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर चाकू कमरेला राहणार असेल तर चामडं नको, कायडेक्स घ्या. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. चामडं एकदा आतून भिजलं की त्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. तोवर पातं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं पडून राहतं. त्यात कमावलेलं चामडं मुळातच आम्लधर्मी. १०९५ या साध्या कार्बन पोलादाचं किंवा गाडीच्या पाट्यापासून केलेलं पातं एका रात्रीत तांबूस होतं, आणि सुमारे १२ टक्के क्रोमियम असलेलं डी२ पोलादसुद्धा ठिपके धरतं.

कायडेक्स म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी मिळून केलेली शीट. ती पाणी पीत नाही. टोकाशी ५-६ मिमीचं भोक ठेवलं की आत गेलेलं पाणी निथळून जातं. शीट पात्याच्या आकारात दाबलेली असल्यामुळे मुठीच्या तोंडाशी चाकू खट्‌कन बसतो, वादी-बटण लागत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात, तिथे बटण उघडं राहिलं का हे बघायला तिसरा हात नसतो. परीक्षा सोपी आहे. चाकू आत घालून म्यान गादीवर उलटं धरायचं आणि तीन-चार जोरदार झटके द्यायचे. चाकू निसटला तर ते म्यान डोंगरावर न्यायचं नाही.

आरीदोरा
त्र्यंबकवाट दादा, तुम्ही सांगताय ते दोष वाईट म्यानाचे आहेत, चामड्याचे नाहीत. बाजारात चाकूसोबत येतं ते बहुतेक क्रोमवर कमावलेलं, दीड-दोन मिमीचं मऊ चामडं. कड कापून बघा, आत निळसर-करडा रंग दिसेल. ते ओलं करून साच्यात बसवलं तरी आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार पात्याला खातात. म्यानाला लागतं ते झाडपाल्यावर कमावलेलं, ज्याची कड आरपार तपकिरी असते. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावतात, त्या जातीचं. जाडी ३ ते ३.५ मिमी.

खरी चूक शिवणीत होते. दोन पदर नुसते एकमेकांवर ठेवून शिवले की धार थेट दोऱ्यावर येते आणि महिन्याभरात टाके कापले जातात. मध्ये त्याच चामड्याची ८-१० मिमी रुंद पट्टी हवी, टोकाशी दुहेरी. मग धार पट्टीवर टेकते आणि दोरा तिच्या मागे सुरक्षित राहतो. सोल्युशनने तिन्ही पदर चिकटवायचे, कडेपासून ४ मिमीवर रेघ मारायची, दर ४ मिमीला आरीने भोक पाडायचं. मेण लावलेला दोरा शिवणीच्या पाचपट लांब घ्यायचा आणि दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून काढायचा. शेवटी तीन टाके उलटे. या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. मशीनच्या शिवणीत एक गेला की ओळ उसवते.

मग कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. पात्याला प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचे दोन वेढे देऊन आत घालायचं आणि चमच्याच्या पाठीने मुठीभोवती दाबत जायचं. आकार धरला की चाकू बाहेर, म्यान सावलीत २४ ते ४८ तास. घाई करून उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलं की चामडं आखडतं, कडक होऊन तडकतं आणि चाकू पुन्हा आत जात नाही. वाळल्यावर बाहेरून मधमाश्यांचं मेण वितळवून चोळायचं, ते ६२-६४ अंशांना वितळतं. आतून तेल अजिबात नाही, तेलाने चामडं ढिलं पडतं आणि पकड जाते.

असं म्यान दिवसभराच्या पावसात बाहेरून भिजतं, पण पाणी लवकर आत उतरत नाही. रात्री चाकू काढून ठेवायचा एवढीच शिस्त.

त्र्यंबकवाट
मेण लावलेल्या म्यानाचं तोंड उघडंच असतं ना? पाऊस वरूनच आत जातो. आणि रात्री चाकू काढून ठेवा म्हणजे तंबूत, सॅकमध्ये, उघडं पातं कुठे ठेवायचं?

आरीदोरा
वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि वर रबर. कागद ओल ओढून घेतो. सकाळी कागद बदला. तोंडाबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणून मी मुठीचा अर्धा भाग झाकणारं खोल म्यान शिवायला सांगतो, म्हणजे मूठच बूच होते.

निफाडची बाग
डोंगराचं तुम्ही बघा, द्राक्षबागेचं मी सांगते. आमच्या पट्ट्यात, निफाड-पिंपळगाव-दिंडोरीकडे, चाकू वर्षभर कमरेला असतो. सुतळी, ठिबकची नळी, ओलांड्याची (वेलीच्या आडव्या फांदीची) बांधणी, सगळं त्यानेच. इथे पावसापेक्षा मोठा शत्रू बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलींवर फवारायचं बुरशीनाशक आहे.

१ टक्क्याचं बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण जमलं का हे बघायची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. चकचकीत लोखंडी पातं थोडा वेळ त्यात धरायचं, तांबडा थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, आणखी चुना घाला. आता हेच कमरेच्या म्यानात काय होतं ते बघा. फवारलेल्या वेलींमधून चालताना पानांवरचं ओलं बोर्डो म्यानाला लागतं, चामडं ते पिऊन घेतं. चुना बरोबर पडलेला असला तरी चामड्याच्या आम्लात ते तांबं पुन्हा विरघळतं. मग म्यानाच्या आत तीच परीक्षा रोज सुरू. पात्यावर तांब्याचे ठिपके बसतात, त्यांच्या भोवतीचं लोखंड आणखी जोरात खाल्लं जातं आणि बारीक खड्डे पडतात. दगडावर घासून गंज जातो, खड्डे जात नाहीत.

प्लॅस्टिकचं म्यान संध्याकाळी बादलीत बुडवून हलवलं की स्वच्छ. चामडं धुता येत नाही. बागेसाठी माझा निर्णय पक्का आहे.

आरीदोरा
ताई, बोर्डोचा मुद्दा मान्य. फवारणीच्या बागेत चामडं नको, यावर मी वाद घालणार नाही. पितळी रिव्हेटलाही तिथे हिरवा चिकट मळ धरतो.

एक भर घालतो. पात्यावर निळसर-काळा डाग पडला की लोक त्याला गंज समजून पॉलिश पेपरने खरवडतात. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच क्रियेने करत. तो काळा थर गुळगुळीत असेल आणि बोटाला लाल पूड लागत नसेल तर राहू द्या. लाल पूड लागली तरच गंज.

पाट्याचं पातं
पाती घडवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. कायडेक्सवाले एक गोष्ट झाकून ठेवतात: वाईट दाबलेलं कायडेक्स धार मारतं. चाकू काढल्यावर म्यान पांढऱ्या कागदावर आपटा. काळं बारीक भुसकट, लाकडाच्या किसासारखं वळलेलं, पडलं तर धार दर वेळी शीट तासतेय. पात्याच्या गालांवर उभे ओरखडे दिसले तर आत वाळू अडकलीय. गोदावरीच्या पात्रातली असो की डोंगरावरची, वाळूचा कण कायडेक्स आणि पोलाद यांच्यामध्ये सापडला की पॉलिश गेलंच.

शीट २ मिमीची घ्या, लांब पात्याला २.४. दाबण्यापूर्वी पात्याला मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यायचे, धारेवर एक जास्त. टेपमुळे आत जी फट राहते तीच धार वाचवते. शीट ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांना तापवा. ओल्या चामड्यासारखी लोंबायला लागली की चाकूवर घालून दोन फोमच्या मध्ये शिकंजात आवळा आणि पूर्ण गार होईपर्यंत, निदान दहा मिनिटं, हात लावू नका. लवकर उघडली तर शीट थोडी मागे येते आणि चाकू आत खुळखुळतो. पकड शेवटी मुठीच्या तोंडाशी हीट गनने, थोडी थोडी, वाढवायची. पात्यावर पकड घेतली की ओरखडे ठरलेले.

गरम शीटने पात्याचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरतं हा गैरसमज आहे. चाकू ओव्हनमध्ये जात नाही. दोन मिमीच्या शीटमध्ये जाडजूड थंड पोलादाला पाणी उतरण्याइतकं तापवण्याची ताकद नाही.

शीट ऑनलाइन मागवायला नको असेल तर शेतात पडलेला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो. भिंत २ ते २.५ मिमीची बघून घ्या. उभा चिरून, हीट गनने मऊ करून, दोन फळ्यांमध्ये सपाट केला की साधारण ३४५ मिमी रुंद पत्रा मिळतो. कायडेक्सपेक्षा ठिसूळ, आणि उन्हात वर्षा-दोन वर्षांत आणखी ठिसूळ होतो, पण कोयत्याला पुरतो. चुलीच्या किंवा गॅसच्या ज्योतीवर मात्र कधीही नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो छातीला वाईट, आणि खोलीत टांगलेली सगळी पाती दुसऱ्या दिवशी गंजलेली मिळतात.

चांदवडकर
नवीन आहे, म्हणून विचारतो. नायलॉनचं पट्ट्याचं कव्हरही कायडेक्ससारख्या प्लॅस्टिकच्या म्यानांतच धरायचं का? चार इंची पात्यासोबत तेच आलंय.

पाट्याचं पातं
नाही भाऊ. नुसतं कापडी नायलॉन या दोन्हींपेक्षा वाईट. पाणी धरून ठेवतं, आणि घसरून पडलात तर टोक कापडातून थेट मांडीत. आत कडक प्लॅस्टिकचं अस्तर आहे का ते बोट घालून बघा. असेल तर चालवा. नसेल तर पीव्हीसीच्या दोन पट्ट्या पात्याच्या आकाराच्या कापून आत सरकवा, कडा रिव्हेटने बंद करा. तोवर ट्रेकला नेऊ नका.

सुरगाणा-पेठ
कोयत्याला बंद म्यान हवंच कशाला? आमच्याकडे कमरेमागे लाकडी आकडी बांधतात आणि कोयता तिच्यात अडकवतात. हवा खेळती, पातं कोरडं, काढायला-घालायला एक हात.

त्र्यंबकवाट
वाकड्या पात्याच्या कोयत्याला आणि उभ्या चालीला आकडी उत्तम. टोकदार सरळ सुरीला नाही, बसताना टोक कुठे जाईल याचा नेम नाही.

पाट्याचं पातं यांनी ओरखड्यांचं सांगितलं ते खरं आहे. रोज वाहत्या पाण्याखाली भोकातून पाणी जाईपर्यंत धुवा, एवढाच उपाय.

आरीदोरा
ऊन विसरलात. कायडेक्स ७५-८० अंशांच्या आसपास आकार सोडायला लागतं. एप्रिल-मे मध्ये नाशिकला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या जवळ जातो. तिथे ठेवलेलं म्यान ढिलं होतं, आणि ते कळतं चाकू पडल्यावरच. चामडं या उन्हात वाळतं, पण चाकू सोडत नाही.

निफाडची बाग
मग डॅशबोर्डवर ठेवू नका, डिक्कीत ठेवा.

शहरात येणाऱ्यांसाठी एक सूचना, म्यान कोणतंही असो. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल तर परवाना लागतो. त्याहून लहान असलं तरी सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात चाकू घेऊन नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरू नका.

चांदवडकर
दोन्हींचं मिळून करता येत नाही का? आत कायडेक्स, बाहेर चामडं?

आरीदोरा
करता येतं. दीड मिमीच्या कायडेक्सचं अस्तर, वर २ मिमीचं चामडं. धार प्लॅस्टिकवर, आवाज नाही, आणि पडलं तरी टोक बाहेर येत नाही. मला हे पटतं.

त्र्यंबकवाट
मला नाही. पाणी अस्तर आणि चामडं यांच्या मध्ये शिरतं आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. आतली बुरशी दिसतही नाही.

आरीदोरा
वाट ठेवायची. अस्तराच्या टोकाला भोक आणि चामड्याला अगदी त्याच जागी ६ मिमीचं भोक, दोन्हींतून एकच आयलेट (भोकाला लावायची धातूची कडी) बसवायचं. खालचे शेवटचे दोन टाके शिवायचे नाहीत, मधलं पाणी तिथून गळतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा अस्तर ओढून काढायचं, दोन्ही कोरड्या ब्रशने झाडायचे, रात्रभर पंख्याखाली ठेवायचे. म्हणजे अस्तर चिकटवायचं नाही आणि ते आयलेटही रिव्हेटचं नको, स्क्रूचं हवं.

त्र्यंबकवाट
स्क्रूवालं असेल तर बघू. पण निफाडच्या ताईंच्या बागेत तेही नको.