कॅश व्हॅनच्या बॉडीला टिप्परची वेअर प्लेट चालेल का?

वणी_बॉडीबिल्डर
राम राम मंडळी. आमच्याकडं कोळशाच्या टिप्परच्या बॉड्या बनतात, त्यामुळं ५०० ग्रेडची वेअर प्लेट (घासून झिजू नये म्हणून बनवलेली कडक प्लेट) रोजच्या हातातली आहे. आता कॅश व्हॅनची विचारणा आली आहे. गाडी चंद्रपूर-गडचिरोली भागात फिरणार, आणि रायफलची गोळी अडली पाहिजे म्हणतात. पैशाचा कप्पा २.४ मीटर लांब, १.६ रुंद, १.५ उंच. चेसिस सव्वा टन पेलोडची पिकअप धरली आहे. आर्मर प्लेटचीही (गोळी अडवणारी चिलखती प्लेट) ब्रिनेल हार्डनेस, म्हणजे कठीणपणाचं माप, ५०० च्या आसपासच असते, मग शिल्लक पडलेली १० मिमी वेअर प्लेट का लावू नये?

हिंगणा_प्लेट
नका लावू भाऊ. हार्डनेस सारखी दिसली म्हणून प्लेट सारखी होत नाही. वेअर प्लेटची मिल हमी देते ती घासण्याची. गोळीची चाचणी त्यावर केलेली नसते. आर्मर प्लेटमध्ये हार्डनेसबरोबर चिवटपणा, जाडीतली किमान मर्यादा आणि गोळीची चाचणी हे सगळं प्रमाणपत्रावर हीट नंबरसकट (स्टीलच्या त्या ओताचा नंबर) येतं. आर्मॉक्स ५००टी ही आर्मर प्लेट ४८० ते ५४० ब्रिनेलमध्ये असते. चिवटपणा कमी पडला तर गोळी लागल्यावर प्लेट तडकते किंवा आतल्या बाजूनं कपची उडते, आणि ती कपची आत बसलेल्या माणसाला लागते. वापरलेल्या टिप्परमधून काढलेली प्लेट तर विचारातही घेऊ नका. ती कुठं झिजली, कुठं केसासारखी भेग पडली, डोळ्याला कळत नाही.

आता वजन. छत, दोन्ही बाजू, पुढची-मागची भिंत मिळून १५.८४ चौ. मीटर. १० मिमी म्हणजे चौ. मीटरला ७८.५ किलो, एकूण १२४० च्या वर. सव्वा टन पेलोड तिथंच संपला. ७.६२×५१ मिमी रायफलच्या साध्या बॉल गोळीला (मऊ गाभ्याची गोळी) ५०० वर्गाची ६.५ मिमी साधारण पुरते. ती चौ. मीटरला ५१ किलोनं सुमारे ८०८ किलो भरते. त्यात पाच माणसं, दरवाजे, फ्रेम, पेटी घातली तर पिकअप बाद. मोठी चेसिस घ्या आणि मागचे पाटे, ब्रेक त्या वजनाला तपासून घ्या. आर्मर पियर्सिंग (चिलखत भेदणारी) गोळी अडवायची असेल तर जाडी जवळजवळ दुपटीच्या पुढं जाते, म्हणून कोणती गोळी, किती अंतरावरून, हे एजन्सीकडून लेखी घ्या.

आणि फक्त पैशाच्या कप्प्याला चिलखत आणि गार्डच्या केबिनला साधा पत्रा, असलं काम घेऊ नका. गोळी आधी माणसांवर येते.

बुटीबोरी_वेल्ड
वेल्डिंगवर लिहितो, कारण चांगली प्लेट इथंच वाया जाते. ही प्लेट २०० अंशाच्या वर तापली की तिची हार्डनेस उतरू लागते. म्हणून गॅसनं तापवून बाक काढायचा नाही. थंडच वाकवा, आतली त्रिज्या जाडीच्या निदान पाचपट ठेवा, कडा आधी ग्राइंड करा आणि वाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी घ्या. वेल्डच्या दोन पासांमध्येही (थरांमध्ये) तापमान २०० च्या आत, थर्मल चॉक (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) हाताशी ठेवा.

वेल्डिंग रॉड ३०७ किंवा ३०९एल स्टेनलेस. त्यात जोडात हायड्रोजन शिरून भेग पडायची भीती कमी. ७०१८ हा साध्या स्टीलचा रॉड वापरायचाच तर ३५० अंशाला तासभर भाजा आणि १२० अंशाच्या ओव्हनमधूनच काढा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड लावला तर भेग दोन दिवसांनी निघते, काम रंगवून गेल्यावर.

कुठलाही रॉड वापरा, जोडाच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिलीमीटर प्लेट मऊ पडतेच. तिथं आतून त्याच प्लेटची ८० मिमी पट्टी मागं द्या. पण पट्टीची कड मुख्य प्लेटला सलग वेल्ड करू नका, नाहीतर तिथं नवा मऊ पट्टा तयार होतो. पट्टी फ्रेमच्या नळीवर धरा.

वणी_बॉडीबिल्डर
गॅस कटरनं कापलं तर? आणि दरवाज्याला काय करायचं?

बुटीबोरी_वेल्ड
गॅसनं कड रुंद मऊ होते, छोटा तुकडा तर पूर्ण तापतो. नागपुरात लेझर किंवा वॉटरजेटवर ड्रॉइंगप्रमाणे कापून आणा, भोकंसुद्धा. जागेवर ड्रिल करावंच लागलं तर कोबाल्ट बिट, १२ मिमी भोकाला मिनिटाला १३० फेऱ्यांच्या आसपास, भरपूर कुलंट आणि न थांबता दाब. बिट घासत राहिला की तळ कडक होतो आणि मग बिट फिरत राहतो, कापत नाही.

हिंगणा_प्लेट
दरवाज्याची फट हीच खरी कमजोर जागा. फटीतून गोळीचं शिसं आत उडतं. चौकटीवर चारही बाजूंनी २५-३० मिमी ओव्हरलॅप द्या. कुलपाच्या भोकामागं वेगळा तुकडा लावा. ०.९ × १.४ मीटरचा दरवाजा नुसता ६४ किलो होतो, त्यामुळं तीन बेअरिंगच्या बिजागऱ्या लावा. नाहीतर थोड्याच दिवसांत तो खाली बसतो आणि ओव्हरलॅप बिघडतो.

काच चाचणीच्या कागदासकटच घ्या आणि चौकटीत चारही बाजूंनी स्टीलच्या मागं गेलेली ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंशाच्या वर उन्हात उभी गाडी म्हणजे काचेतले पॉलिकार्बोनेटचे (कडक पारदर्शक प्लास्टिकचे) थर सुटायला आमंत्रण. बुडबुडे किंवा कडेला दुधी रंग दिसला की काच बदला. रंग पीयूचा (पॉलियुरेथेन) द्या, भट्टीत प्लेट तापते म्हणून पावडर कोट नको.

आरटीओचं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) खाली आधी बघून घ्या. आणि केंद्राच्या २०१८ च्या कॅश वाहतुकीच्या नियमांतलं सीसीटीव्ही, जीपीएस आणि साखळीबंद पेटीचं वायरिंग-फिटिंग प्लेट बसवण्याआधीच ठरवा. नंतर भोक पाडायला जागा उरत नाही.