शाळेतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या कोणी कोणी लपवून वाचल्या?

चिंचगोळी:
काल माळा आवरताना लेकीला पेटीत 'स्वीट व्हॅली हाय' या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकेतलं पुस्तक सापडलं. मागे लायब्ररीचा जांभळा शिक्का आणि तारखांची उतरंड, शेवटची १९९१ची. म्हणजे मी परत केलंच नाही! मी मराठी माध्यमातली, नववीत. इंग्रजी सुधारेल म्हणून बाबांनीच ५० रुपये डिपॉझिट भरलं होतं, बिचारे. एलिझाबेथ आणि जेसिका जुळ्या, गाव कॅलिफोर्नियातलं, दोघींत मिळून लाल फियाट. फियाट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दादरची काळी-पिवळी टॅक्सी.
खरं सांगू? चुंबनाबिंबनापेक्षा मला भारी वाटायचं ते एलिझाबेथचा मित्र टॉड तिच्याशी व्हरांड्यात उभा राहून बोलायचा आणि कोणी काही म्हणायचं नाही, ते. आमच्या वर्गात मी एका मुलाकडे कर्कटक मागितलं, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चिडवत होते. कर्कटक परत दिलं तेही बाकावर ठेवून, त्याच्याकडे न बघता.
तुमचंही येऊ द्या.

बोरकूट:
त्यात पोरं सारखी लॉकरपाशी. लॉकर म्हणजे मला बँकेतलाच माहीत. ही पोरं शाळेत दागिने का ठेवतात, कळेना 😂

तळ्यातमळ्यात:
मुलांनीही वाचलीत हो. बहिणीची, चोरून. पण आतून हललो ते मिलिंद बोकिलांची 'शाळा' कादंबरी वाचून. २००४ला आली, तेव्हा मी नोकरीला लागलेलो. त्यातला जोशी त्याला आवडणाऱ्या मुलीला मनातसुद्धा शिरोडकरच म्हणतो. आमचंही तसंच. आडनावावरच प्रेम करायचो. तिचं पहिलं नाव हजेरीत कळायचं, पण तोंडातून काढायची टाप नव्हती.

बोरकूट:
+१. माझी कुलकर्णी. वर्गात तीन होत्या, त्यामुळे मित्रांचा गोंधळ.

हिशेबनीस:
दंड रोज चार आणे धरला तर वर्षाचे ९१ रुपये २५ पैसे. १९९१पासून गुणा.

चिंचगोळी:
अहो, लायब्ररीच राहिली नाही. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. कव्हर लावून घेते तिथे, चालेल?

सायसाखर:
मी वेगळं बोलते. त्या जुळ्या कपड्यांच्या मापात 'परफेक्ट साइज सहा'. ते वाचून मी अकरावीत भात सोडला होता, आईने रडून घर डोक्यावर घेतलं. २००८ला पुस्तकं नव्याने काढली तेव्हा सहाचा चार केला! फियाटची जीपही झाली. आणि मुखपृष्ठावर लेखिका म्हणून छापलेली केट विल्यम ही बाई अस्तित्वातच नव्हती. फ्रॅन्सिन पास्कल गोष्ट ठरवायच्या, लिहायची भलतीच माणसं. मी त्या केटला पत्र लिहायला घेतलं होतं हो.

झोपाळा:
मी त्रेचाळीसची, अजून वाचते. शेवटी जमणार हे ठाऊक असतं, म्हणूनच. दिवसभर ऑफिसात काय जमतं? शिट्टी झाली, येते

परसबाग:
न्यू जर्सीहून. लेक हायस्कूलला आहे, लॉकर वापरतच नाही, दप्तर पाठीवर घेऊन फिरते. माझा केवढा अपेक्षाभंग.
चिंचगोळी, पुस्तकाला कसर लागलीय का? कडुनिंबाचा पाला वाळवून ठेव.

सायसाखर:
पाल्याने नाही जात, उन्हात घाल. पण थेट नको, कागद तुटतो.

झोपाळा:
आले. वरण करपलं.

चिंचगोळी:
उन्हात कुठलं घालतेय! लेक घेऊन बसलीय, चाळीस पानं झाली. मघाशी विचारत होती, घरात एकच फोन आणि तो बहिणीने उचलला तर? म्हटलं, आमच्याकडे आजी उचलायची.