तज्ज्ञशाही की तंत्रज्ञशाही?

प्रश्न : इटलीच्या राजकारणावरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतेय. ‘टेक्नोक्रसी’ला ‘तंत्रज्ञशाही’ लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. ‘नोकरशाही’ चालेल का?

उत्तर : नोकरशाही नकोच. तिथे सचिव फाइलवर टिपण लिहितो आणि खाली सही मंत्र्याची असते, निदान कागदावर तरी. टेक्नोक्रसीत टिपण लिहिणाराच, म्हणजे निवडून न आलेला तज्ज्ञच, सही करतो.

‘तंत्रज्ञशाही’ चूक नाही, पण ती शब्दाच्या जुन्या अर्थाला शोभते. कॅलिफोर्नियातल्या विल्यम स्मिथ या अभियंत्याने १९१९ मध्ये हा शब्द वापरात आणला आणि महामंदीच्या काळात हॉवर्ड स्कॉटच्या चळवळीने तो गाजवला. डॉलर मोडीत काढायचा, त्याऐवजी ऊर्जेच्या हिशोबाने प्रमाणपत्रं वाटायची आणि सगळा कारभार इंजिनिअरांच्या हाती द्यायचा, असा त्यांचा बेत होता. तिथे तंत्रज्ञशाहीच म्हणा.

इटलीचं वेगळं. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या पंतप्रधान मारिओ मोंतींच्या मंत्रिमंडळात प्राध्यापक होते, बँकर होते, राजदूत होते, एक नौदल अधिकारीही होते. निवडून आलेलं कोणी नव्हतं. मोंती स्वतः अर्थतज्ज्ञ. मराठीत तंत्रज्ञ म्हटलं की एक्स-रे काढणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे ‘तज्ज्ञ’ हवं. त्यातही, त्या सरकारला संसदेत पक्षांची मतं लागतच होती. त्यामुळे सरकारविषयी लिहिताना ‘तज्ज्ञांचं सरकार’ आणि विचारसरणीविषयी ‘तज्ज्ञशाही’, असं मी करेन.

प्रश्न : ‘शाही’ लावलं की हुकूमशाही, झुंडशाहीच्या पंगतीत बसल्यासारखं नाही का वाटत?

उत्तर : त्याच पंगतीत लोकशाहीही जेवतेय की!

आणखी एक मत : व्यक्तीसाठी मात्र ‘टेक्नोक्रॅट’च ठेवा, ‘तज्ज्ञशहा’ वगैरे नको. आणि तोही जपून. चिंतामणराव देशमुखांना सर्रास टेक्नोक्रॅट म्हणतात, कारण अर्थमंत्री होण्याआधी ते आयसीएस अधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. पण १९५२ मध्ये ते कुलाब्यातून (म्हणजे आताच्या रायगडातून) लोकसभेवर निवडून आले होते आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. हे पाऊल अस्सल राजकीयच. बांगलादेशात तर खासदार नसलेला मंत्री हा ‘टेक्नोक्रॅट मंत्री’च, मग तो पक्षाचा जुना कार्यकर्ता का असेना.